खाते ज्याचे, किल्ली त्याच्याच हाती

ग्रामीण बँकेच्या काउंटरवर माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या काळात खिडकीपलीकडून सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेला प्रश्न "साहेब, माझे पैसे आले का?" हा होता, शेवटच्या काही वर्षांत मात्र त्याच्या जोडीला "माझे पैसे कुणी काढले?" हा प्रश्न वारंवार येऊ लागला. खाते उघडून पाहिले, तर त्यामागे दर वेळी दूरचा सायबर चोर निघत नसे. कधी खात्याला मोबाइल क्रमांक सेवा केंद्र चालवणाऱ्याचा लागलेला असे, कधी एटीएम कार्ड मुकादमाच्या पाकिटात असे, तर कधी पिन पुण्यात कामाला असलेल्या पुतण्याला ठाऊक असे आणि खातेदार बाईंना तो कुणी कधी सांगितलेलाच नसे. खाते एकाच्या नावावर आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात, ही आपल्याकडच्या डिजिटल व्यवहारातील सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे मत झाले आहे. आणि ही किल्ली खातेदाराच्या हाती कशी आणावी व कशी राखावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पैशाचे रूप बदलण्याचा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या राज्यात येथे हाली शिक्का चालत होता, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया चालत होता, आणि ६ कलदारांना ७ हाली हा हिशेब जुनी माणसे तोंडी करीत. ज्या पिढीने दोन नाण्यांमधला बट्टा बोटांवर मोजला, तिच्या नातवंडांना मोबाइलमधला पैसा समजणार नाही असे मानायला काहीच आधार नाही. कोणीतरी शेजारी बसून, घाई न करता समजावून सांगावे लागते, इतकेच.

आपली खाती कोणती, हे आधी कागदावर उतरवा

२८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि घरोघरी नवी खाती निघाली. त्याआधी सोसायटीच्या पीककर्जासाठी जिल्हा बँकेत, रोजगार हमीच्या मजुरीसाठी पोस्टात आणि बचत गटासाठी आणखी एखाद्या बँकेत खाते निघालेले होतेच. परिणामी एकाच माणसाची तीन खाती असतात आणि सरकारी रक्कम नेमकी कोणत्या खात्यात पडते हे त्याला माहीत नसते. त्यात बँकांची नावेही बदलली: स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली आणि १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांची मिळून एकच ग्रामीण बँक झाली. म्हणून जुन्या पासबुकावरील आयएफएससी कोड आजही तोच आहे का, हे शाखेत एकदा विचारून घ्यावे.

एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर घरातील प्रत्येक माणसाच्या प्रत्येक खात्याची बँक, शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक, जोडलेला मोबाइल क्रमांक आणि वारसदाराचे नाव लिहावे. पिन या वहीत कदापि लिहू नये. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चारपर्यंत वारसदार नोंदवता येतात. ज्या घरात दोन मुलगे आणि दोन मुली आहेत त्या घरात पुढचा बराच कलह या एका अर्जाने टळतो.

पीएम किसानचे वर्षाला तीन वेळा येणारे २,००० रुपये, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ता किंवा लाडकी बहीण योजनेचे पैसे हे आधार क्रमांकावरून खात्यात पोहोचतात, आणि यासाठी एका आधार क्रमांकाला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. एखाद्याने मध्येच नवीन खाते उघडताना संमतीच्या चौकटीत खूण केली, की पुढचे पैसे त्या नव्या खात्यात जाऊ लागतात. जुन्या बँकेत चकरा मारणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. ही जोडणी सध्या कोणत्या बँकेकडे आहे हे 'माय आधार' संकेतस्थळावर पाहता येते, आणि ते जमत नसेल तर आधार कार्ड घेऊन बँकेत गेल्यास कर्मचारी पाहून सांगतात. दोन वर्षांत खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. ते कागदपत्रे देऊन पुन्हा सुरू करता येते आणि त्यासाठी बँकेला शुल्क द्यावे लागत नाही.

मोबाइल क्रमांक खातेदाराचाच हवा

हे सांगायला अगदी साधे आहे, पण निम्मे घोटाळे येथेच जन्माला येतात. खाते उघडण्याच्या दिवशी बाईंकडे स्वतःचा मोबाइल नव्हता म्हणून कुणाचा तरी क्रमांक देऊन वेळ निभावली जाते, आणि नंतर प्रत्येक संदेश, प्रत्येक ओटीपी त्या 'कुणाच्या तरी' मोबाइलवर जात राहतो. घरातील प्रत्येक खातेदार स्त्रीच्या नावावर तिचे स्वतःचे सिम असावे, मग फोन साधा, बटणांचा असला तरी चालेल. रिचार्ज संपून सिम दीर्घकाळ बंद राहिले तर कंपनी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ शकते. तसे झाल्यास आपल्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाकडे जातात. क्रमांक बदलला की त्याच आठवड्यात शाखेत जाऊन अर्ज द्यावा, कारण हे काम फोनवरून 'करून देणारा' माणूस बँकेचा नसतो.

अंगठा म्हणजे सही

गावातील ग्राहक सेवा केंद्रावर किंवा बँक मित्राकडे आधार आणि अंगठा वापरून पैसे काढण्याची सोय ही खरोखर मोठी सोय आहे. तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडणारा रोज वाचतो, कार्ड लागत नाही, आणि धारूर किंवा वडवणीहून कर्नाटकातील कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड कामगाराला तेथील केंद्रावरही आपल्याच खात्यातून पैसे काढता येतात. या सोयीविषयी माझी कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती अंगठा देताना आपण मान दुसरीकडे वळवून उभे राहतो, याविषयी.

उसाचे पाचट, विळा, कोयता आणि माती यांनी ज्यांची बोटे झिजली आहेत, त्यांचा ठसा यंत्रावर पहिल्या वेळी उमटत नाही. मग केंद्रचालक "पुन्हा ठेवा, जरा दाबून ठेवा" असे म्हणत तीन-चार वेळा अंगठा घेतो. बहुतेक चालक प्रामाणिकपणेच तसे करतात. परंतु प्रत्येक ठसा हा एक स्वतंत्र व्यवहार असू शकतो, आणि दुसरा ठसा यशस्वी झाला असतानाही चौथा घेतला गेला तर खात्यातून दोनदा रक्कम वजा होते व हातात एकदाच पडते. यासाठी एक शिस्त पाळावी. अंगठा ठेवण्यापूर्वी पडद्यावर किती रक्कम टाकली आहे ती वाचून दाखवण्यास सांगावे. व्यवहार अयशस्वी झाला असे सांगितले तर त्या अयशस्वी व्यवहाराचीही पावती मागावी, आणि ती हातात पडल्याशिवाय पुन्हा अंगठा देऊ नये. शेवटी शिल्लक दाखवणारी पावती घेऊन ती वहीत चिकटवावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी नात सोबत न्यावी. "पावतीचा कागद संपला आहे" हे उत्तर मिळाले तर त्या दिवशी पैसे न काढता परत यावे, असे मी सांगत आलो आहे. एकदा गावातील दहा बायांनी तसे केले की दुसऱ्या दिवशी कागद येतो.

एका वेळी या पद्धतीने जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात. बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी बँक मित्राने ग्राहकाकडून स्वतंत्र पैसे घ्यायचे नसतात, कारण त्याला बँकेकडून कमिशन मिळते. हजारामागे दहा-वीस रुपये कापण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली असली तरी ती प्रथाच आहे, नियम नव्हे.

ज्यांना या सोयीची गरज नाही, त्यांनी आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपले बायोमेट्रिक कुलूपबंद करावे. दस्तांवरील ठशांवरून रबरी अंगठे बनवून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडलेले आहेत, आणि कुलूप लावलेले असल्यास असा नकली अंगठा चालत नाही. मात्र रेशन दुकानातील यंत्रावरही हाच अंगठा लागतो, हे लक्षात ठेवावे. धान्य आणायला जाण्यापूर्वी कुलूप तात्पुरते उघडता येते आणि ते थोड्या मिनिटांत आपोआप पुन्हा लागते. हे उघडणे ज्याला जमणार नाही अशा वृद्ध माणसाचे कुलूप लावू नये, नाही तर त्याचे धान्य अडेल.

पिन, क्यूआर आणि आठवडी बाजार

यूपीआय २०१६ मध्ये आले आणि आज जिंतूरच्या आठवडी बाजारातील कोथिंबीर विकणाऱ्या मावशींसमोरही क्यूआरचा फलक दिसतो. या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर फसवणुकीचे बहुतेक मार्ग बंद होतात: पिन टाकल्याने खात्यातून पैसे जातात किंवा शिल्लक दिसते, पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पीक विम्याची रक्कम जमा करायची आहे, आलेल्या संदेशावर पिन टाका" असे जो सांगतो तो चोर आहे, मग त्याने तुमचे नाव, गाव आणि गट क्रमांक अगदी बरोबर सांगितला तरीही. क्यूआरचेही तसेच आहे. समोरच्याचा क्यूआर आपण स्कॅन केला म्हणजे आपण देणारे ठरलो.

विक्रेत्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागते. ग्राहकाच्या मोबाइलवरचे 'पैसे गेले' असे दाखवणारे चित्र पाहून माल देऊ नये, कारण तसे चित्र बनवणारी नकली ॲप उपलब्ध आहेत. आपल्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला किंवा आवाज करणारा डबा बोलला, तरच पैसे आले असे धरावे. बाजार सुटण्याच्या गर्दीत हे कठीण वाटते, पण एका क्विंटल कांद्याचे पैसे गेले की पुढचे चार बाजार फुकट जातात. सकाळी दुकान मांडताना क्यूआरच्या फलकावर कोणी दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हे पाहावे आणि स्वतःच एक रुपया पाठवून कोणाचे नाव येते ते तपासावे.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान यादी', 'लाडकी बहीण केवायसी' किंवा 'लग्नपत्रिका' या नावाने येणारी आणि शेवटी एपीके अशी अक्षरे असलेली फाइल कदापि उघडू नये, मग ती सख्ख्या मेहुण्याच्या क्रमांकावरून आलेली असली तरी. अशी फाइल मोबाइलमध्ये शिरली की संदेश वाचू लागते, आणि ज्याच्या मोबाइलमध्ये शिरली त्याच्याच नावाने पुढच्या शंभर लोकांना जाते. म्हणूनच ती ओळखीच्या माणसाकडून येते.

आई-वडिलांचा पिन मुलाकडे असणे ही आपल्याकडे मायेची गोष्ट मानली जाते, आणि बहुतेक घरांत ती तशीच असते. तरीही मी पिन देऊ नका असे सांगतो. मुलाने पैसे खर्च करायचेच असतील तर 'यूपीआय सर्कल' ही सोय २०२४ पासून उपलब्ध आहे: तीत वडिलांच्या खात्यातून मुलाला ठरावीक मर्यादेत खर्च करता येतो, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत, आणि वडिलांना हवे तेव्हा ही परवानगी काढून घेता येते. परवानगी देणे आणि किल्ली देऊन टाकणे यांत हा फरक आहे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी यूपीआय आपल्यासाठी नाही असे समजू नये. साध्या फोनवर *९९# लावून मराठी भाषा निवडता येते, शिल्लक पाहता येते आणि पैसे पाठवता येतात. २०२२ पासून साध्या फोनसाठी '१२३ पे' ही सोयही आहे. पहिल्यांदा वापरताना शेजारच्या दुकानदाराला दहा रुपये पाठवून पाहावेत आणि मगच मोठी रक्कम पाठवावी.

पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार माणसाने माणसाला पाठवलेली अशी अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला पाठवलेली पाच दिवसांत परत यावी लागते. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. एटीएममधून नोट न निघता रक्कम वजा झाली तरी हीच पाच दिवसांची मुदत आणि हीच भरपाई लागू आहे. हे १०० रुपये मागणारा ग्राहक मला नोकरीत क्वचितच भेटला.

वर्षात दोनदा येणारा पैसा, रोज होणारा खर्च

पगारदार माणसासाठी लिहिलेले बचतीचे सल्ले आपल्याकडे लागू पडत नाहीत, कारण त्यांत दर महिन्याचे उत्पन्न गृहीत धरलेले असते. आपल्याकडे सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, कापसाचे वेचणीप्रमाणे, तुरीचे जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ऊसतोड कामगाराची उचल तर काम सुरू होण्याआधीच येऊन खर्चही झालेली असते. जून उजाडतो तेव्हा बियाणे-खतासाठी हात रिकामा असतो. पूर्वी नोटा कणगीत किंवा ट्रंकेत असत आणि थप्पी कमी होताना डोळ्यांना दिसे. मोबाइलमधला पैसा कमी होताना दिसत नाही, म्हणून तो जास्त वेगाने जातो.

यावर मला पटलेला उपाय दोन खात्यांचा आहे. समजा लातूरच्या आडतीवरून सोयाबीनची पट्टी १,२०,००० रुपयांची आली. ती रक्कम अशा मोठ्या खात्यात घ्यावी, ज्याला यूपीआय जोडलेले नाही. त्याच आठवड्यात, लग्नसराई सुरू होण्याआधी, तिचे भाग पाडावेत: २०,००० उधारी फेडण्यासाठी, १०,००० दवाखान्यासारख्या अचानक खर्चासाठी, ३०,००० पुढच्या जूनच्या बियाणे-खतासाठी मे अखेर संपणाऱ्या मुदत ठेवीत, आणि उरलेले ६०,००० घरखर्चासाठी. हे ६०,००० एकदम हाताशी ठेवू नयेत. बँकेला लेखी सूचना देऊन दर महिन्याच्या १ तारखेला ५,००० रुपये दुसऱ्या, लहान खात्यात वळते करून घ्यावेत, आणि मोबाइलवरील यूपीआय फक्त या लहान खात्याला जोडावे. याचे दोन लाभ आहेत: महिना आपोआप आखला जातो, आणि उद्या मोबाइल चोरीला गेला किंवा पिन फुटला तरी चोराच्या हाती लागते ते महिन्याचे उरलेले दोन-तीन हजार, वर्षाचे पीक नव्हे.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी भाग पाडण्याइतके काही हाती येतच नाही, हे मला ठाऊक आहे. तशा वर्षीही खताचा भाग, मग तो ३,००० रुपयांचा का असेना, वेगळा काढावा. कारण कृषी सेवा केंद्रावरची उधारी रोखीपेक्षा महाग पडते आणि उधारीवाल्याला वाण निवडून घेता येत नाही, मिळेल ते घ्यावे लागते.

वहीच्या उरलेल्या पानांवर तारीख, कोणाला किंवा कोणाकडून, रक्कम, आणि रोख, फोन की अंगठा, एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवावी. रोज लिहिणे जमत नसेल तर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मोबाइलमधील आठवड्याचे व्यवहार उघडून एकाने वाचावेत आणि दुसऱ्याने लिहावेत. हे काम नवरा-बायकोने एकत्र बसून केले तर उत्तम, कारण घरात नेमके किती येते हे ज्या बाईला माहीत नसते तिने खर्च आवरावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मे महिन्याच्या अखेरीस खात्यात थोडी शिल्लक हवीच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतील २ लाखांच्या अपघात विम्याचे वर्षाचे २० रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेतील २ लाखांच्या जीवन विम्याचे ४३६ रुपये तेव्हा कापले जातात. शिल्लक नसल्यास हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबते. सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, उसाची ट्रॉली उलटणे अशा घटना आपल्याकडे दर वर्षी घडतात. अपघात विम्याचे २० रुपये तरी कोणी चुकवू नयेत. पहिली योजना १८ ते ७० आणि दुसरी १८ ते ५० या वयोगटासाठी आहे.

'तीन रुपये शेकडा' म्हणजे किती?

आपल्याकडे खासगी व्याज महिन्याच्या हिशेबाने बोलले जाते आणि बँकेचे वर्षाच्या. त्यामुळे "बँक सात टक्के घेते, हा तर तीनच घेतो" असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. ५०,००० रुपयांवर शेकडा ३ म्हणजे महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये, अर्थात ३६ टक्के. बँकेच्या ७ टक्क्यांनी तेच व्याज ३,५०० होते, आणि ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राची सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते जवळपास बिनव्याजी पडते. म्हणूनच मार्चमध्ये कर्जाचे नवे-जुने, म्हणजे जुने फेडून नवे उचलणे, करण्यासाठी आधीपासून थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवणे हा मराठवाड्यातील शेतकऱ्याला उपलब्ध असलेला सर्वांत फायद्याचा व्यवहार आहे. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेण्याची मुभा ठरवून दिलेली आहे. बेकायदा सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

दुसरा फसवा शब्द 'फ्लॅट' हा आहे. १०,००० रुपयांवर १२ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षभरात ११,२०० फेडायचे. ऐकायला हे ठीक वाटते. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर आकारले जाते, म्हणून खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कर्ज घेताना "घटत्या शिलकीवर वर्षाला किती टक्के?" एवढाच प्रश्न विचारावा. महिला गटांना घरी येऊन कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: घरातील सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी किंवा सायंकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. मोबाइल ॲपवरील झटपट कर्जाबाबत एकच कसोटी पुरते: संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी मागणारे ॲप तत्काळ काढून टाकावे, कारण ती यादी पुढे नातेवाइकांत बदनामी करण्यासाठी वापरली जाते.

उचलीचा हिशेब मात्र सर्वांत जास्त काळजीने ठेवायला हवा. कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीमागे, किती उचल (आगाऊ रक्कम) घेतली, टनाला काय दर ठरला, कारखान्यावर खाण्यापिण्यासाठी मुकादमाने मधल्या काळात किती दिले, या तीन गोष्टी दोन वह्यांत लिहून दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. शक्यतो उचल रोख न घेता खात्यावर घ्यावी, म्हणजे तारीख आणि रक्कम याविषयी पुढे वाद उरत नाही. कोयता जोडीने चालतो, तेव्हा अर्धी रक्कम बाईंच्या खात्यात का येऊ नये, हा प्रश्न टोळी ठरतानाच विचारावा. एटीएम कार्ड आणि आधार कार्ड 'हमी' म्हणून कोणाकडेही ठेवू नये. दसऱ्याला निघताना ते आपल्याच पिशवीत असले पाहिजे.

ठेव ठेवताना

बँकेतील ठेवींना व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या त्यात येत नाहीत, त्यांची इमारत कितीही चकचकीत असली आणि दैनिक ठेव गोळा करायला रोज दारात आपल्याच गावचा मुलगा येत असला तरी. बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत अशा संस्थांच्या शाखांना कुलपे लागली आणि मुलीच्या लग्नासाठी, जमीन विकून ठेवलेल्या रकमा अडकल्या. शेजारची बँक सात टक्के देत असताना कोणी बारा-तेरा देत असेल, तर वरचे पाच टक्के हे आपण उचललेल्या जोखमीचे मोल आहे असे समजावे, आणि गमावली तर चालेल इतकीच रक्कम तेथे ठेवावी.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर करावा, नातेवाइकांना नंतर. चोराच्या खात्यातून रक्कम पुढे निघण्याआधी ती गोठवता येते, म्हणून येथे तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. फोन करताना आपल्या बँकेचे नाव, खाते क्रमांक, किती रक्कम किती वाजता गेली आणि संदेशातील व्यवहार क्रमांक हाताशी असावा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. त्यानंतर बँकेच्या अधिकृत क्रमांकावर, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर, फोन करून खाते थांबवायला सांगावे. हा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे नकली 'कस्टमर केअर' बसलेले असतात.

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी रक्कम काढली आणि ग्राहकाने संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. आपणच पिन किंवा ओटीपी सांगून बसलो असलो तरी कळवण्याला अर्थ आहे, कारण कळवल्यानंतर होणारे पुढचे नुकसान बँकेचे असते. लाजेने गप्प बसलेल्या माणसाच्या खात्यातून दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापकही होते, तेव्हा फसणे हे अडाणीपणाचे लक्षण मानू नये आणि घरात कोणी फसले तर त्याच्यावर ओरडू नये, नाही तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्या तक्रारीला बँकेत दिलेल्या अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून शिक्का मारलेली प्रत वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवावी.